घसरण्याची जागा

अरबी समुद्रावर संध्याकाळ चिरली गेली होती. सूर्य क्षितिजाच्या धारेवर आडवा पडला होता आणि त्याचं आरक्त, उष्ण, अनावर तेज लाटालाटांवर सांडत होतं. लाटा उठत होत्या, जहाजाच्या शुभ्र कुशीवर आदळत होत्या, फुटत होत्या, पुन्हा उठत होत्या. लक्षद्वीपची बेटं अजून एका दिवसावर होती.

अशा या रक्तवर्ण सागरावर, सातव्या मजल्याच्या मोकळ्या डेकवर, कऱ्हाडचं एक अख्खं घराणं पोपटी टी-शर्टांत फोटोसाठी उभं होतं. प्रत्येकाच्या छातीवर छापलं होतं, ‘आबांची पंचाहत्तरी’. सतरा माणसं, सतरा पोपटी छात्या आणि सगळ्यांचं मिळून एकच हसू. मागच्या ओळीत, कठड्याला टेकून आबांची धाकटी सून हेमांगी उभी होती आणि तिलाही आज, अगदी खरंच, बरं वाटत होतं.

वारं खारट होतं, उद्दाम होतं. ते तिचे केस विस्कटत होतं आणि ती विस्कटू देत होती. लग्नाच्या बारा वर्षांत एवढं मोठं आकाश तिने पाहिलं नव्हतं. त्या आकाशाच्या भरात ती विसरली. फोटो निघता निघता नवऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाली, “अहो, जरा सरका ना, आबा झाकले जातायत.”

कोणीतरी हसलं. विश्वजित सरकला. मग वळला.

धोंड्यावर धुणं आपटावं तसा आवाज झाला. आकाश कलंडलं, समुद्र वर आला, कठड्याचं लोखंड भुवईवर बसलं. पोपटी कापडावर एक लाल थेंब पडला, मग दुसरा, मग ओळच लागली.

घरी नेहमी एक दार असायचं. ते लागायचं, कडी पडायची, आणि मग जे व्हायचं ते दाराआड व्हायचं. इथे दार नव्हतं. चहूदिशांना उघडं पाणी, उघडं आभाळ, उघडा उजेड होता. तरीही हात उठला.

“अगं बाई! घसरली!” सासूबाई, म्हणजे माई, ओरडल्या. “घसरली, घसरली,” असं म्हणत पोपटी रांग जराशी हलली.

घसरली. हा त्या घराचा शब्द. हेमांगी न्हाणीघरात घसरली, जिन्यात घसरली, परसातल्या शेवाळावर घसरली, ठणठणीत कोरड्या माजघरातही घसरली. एका दिवाळीला माईंनी तिला रबरी तळाच्या सपाता आणल्या. दुसऱ्या दिवाळीला थोरल्या जाऊबाईंनी न्हाणीत अंथरायला खरबरीत चटई आणली. दया होती हो त्या माणसांत! फक्त ती पावलांच्या वर कधी चढली नाही.

आणि तेवढ्यात, कोणी न विचारता, आठ वर्षांची मैथिली म्हणाली, “आई घसरली. ती सारखी घसरते.” पाढा म्हणावा तशा आवाजात म्हणाली. डोळ्यांत पाणी नाही, भीती नाही, काहीच नाही.

हेमांगीला खरा मार बसला तो तेव्हा. आपलं रक्त तिने बारा वर्षं गिळलं होतं. आपल्या लेकीच्या जिभेवर तो शब्द तिला गिळवेना.

जहाजाला मात्र या घराची रीत ठाऊक नव्हती. जहाजावर माणूस घसरणं ही गंभीर गोष्ट. बगलेत निसरड्या जागी उभी करायची पिवळी पाटी आणि हातात वही घेऊन डेकवरची अक्षता धावत आली. ती मालवणची, नोकरीला नवी आणि नियमाला पक्की. तिने आधी भुवईवर कापूस दाबला, मग रांगेकडे वळली.

“ताई खंय घसरल्यो? माका जागा दाखवा.”

बोटं उठली. माईंचं बोट कठड्याकडे गेलं, थोरल्या दिरांचं खुर्चीकडे, जाऊबाईंचं जिन्याकडे. आबांनी बोट उचललं आणि कुठेच न नेता खाली ठेवलं.

अक्षता गुडघ्यांवर बसली. दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या फळ्यांवरून तिने तळहात फिरवला. “हय तर सगळा सुका आसा,” ती गोंधळून म्हणाली.

तिच्या शेजारी मैथिली बसली. तिने खिशातून रुमाल काढला आणि ती कोरडी फळी पुसू लागली, घासू लागली, दोन्ही हातांनी रगडू लागली. “मी पुसते आई. मग तू नाही घसरणार.”

खाली लाट फुटली. हेमांगीच्या आतही काहीतरी तसंच, तितक्याच जोराने, फुटलं.

“ऊठ, मैथिली. इथे काही सांडलेलं नाही.” मग ती अक्षताकडे वळली. “मी घसरले नाही. ह्यांनी मला मारलं.”

“तोंड बंद कर!” विश्वजित धावला. खुर्ची उलटली, माईंच्या हातातला फोन फळीवर आपटून तडकला, मूठ हवेत गेली. ती खाली आली नाही. धावत आलेल्या दोन खलाशांनी ती वरच्या वर धरली. तो झटत होता, लाथा झाडत होता, शिव्यांचा फेस तोंडातून उडत होता आणि त्याच्या छातीवर वडिलांची पंचाहत्तरी चुरगळत होती. आबा पुढे आले नाहीत. अक्षताने वहीतला एक शब्द खोडला आणि शेजारी दुसरा लिहिला.

मैथिलीने रुमाल पाहिला. तो कोरडाच होता. तिने तो घडी करून खिशात ठेवला.

मग तिने ती पिवळी पाटी उचलली. पाटीवर हात फेकून पडणारा एक काळा माणूस रंगवलेला होता. पाटी तिच्या कमरेएवढी होती. ती तिने ओढत नेली आणि बाबांच्या पावलांपुढे नीट, सरळ उभी केली.

सूर्य बुडाला. काळी, घनगंभीर लाट आली आणि सगळं जहाज एकदा हललं. रांग डोलली, कठडे कण्हले, पिवळी पाटी डगमगली, सावरली, उभी राहिली. तिच्या अलीकडे, लेकीचा हात धरून, हेमांगी उभी होती.