सगळ्या गल्लीचा चष्मा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मित्रांनो. माझी उजवी काडी हिरव्या दोऱ्याने बांधलेली आहे आणि डाव्या भिंगावर भलामोठा ओरखडा आहे. तरी मी चष्मा आहे, जुना आणि जाड भिंगांचा, आणि आमच्या गल्लीतल्या कितीतरी लोकांच्या मतदानाच्या कार्डावर माझा फोटो आहे. आहे का असं भाग्य तुमच्या नव्या चकचकीत चष्म्यांच्या नशिबी?

चष्मेवाल्याने दुकानाच्या मागच्या खोलीत माझी भिंगं घासली. पाण्याची बारीक धार आणि दिवसभर घरघर, एवढंच मला आठवतं. मग त्याने काळी फ्रेम गरम केली, भिंगं आत दाबून बसवली आणि मला काकूंच्या नाकावर ठेवलं. काकू गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करायच्या. त्यांनी माझ्यातून पाहत सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "अगं बाई, या सुईला भोक आहे की!" चष्मेवाला हसला आणि मी कामाला लागलो.

काजं, बटणं, फाटलेल्या खिशांची शिवण, सगळं माझ्या नजरेखालून गेलं. कोणाचं कागदपत्र आलं की तो माणूस काकूंकडे येई आणि काकू मला सावरत ते वाचून दाखवत. "काकूंचा चष्मा आहे म्हणून आपलं निभावतंय," असं लोक म्हणत. ते ऐकून मी फुगून जात असे, खोटं कशाला सांगू? पुढे एकदा मी मशीनवरून पडलो आणि काडी तुटली. काकूंनी ती दोऱ्याने बांधली. नंतर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला आणि मला बटणांच्या डब्यात जागा मिळाली. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्यांचे डोळे झालो, त्या मला पुसूनही ठेवत नव्हत्या.

समोरच्या दारात इस्त्रीवाली राहायची. काकूंची जिवाची मैत्रीण, आणि भांडणही तिच्याशीच. बाई कामाला वाघ, पण अक्षरओळख नाही. मागच्या निवडणुकीत ती स्वच्छ साडी नेसून मत द्यायला गेली, तेव्हा टेबलामागचा माणूस म्हणाला, "बाई, तुमच्या नावावर मत पडलंय."

"मी इथे उभी आहे, मग माझं मत टाकलं कोणी?" तिने शाई नसलेलं बोट त्याच्यापुढे धरलं.

"तुम्ही त्याच बाई कशावरून?" तो म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली. सगळ्या रांगेसमोर ती परत फिरली. त्या दिवशी तिने इस्त्री पेटवली नाही. काकूंजवळ बसून ती ढसाढसा रडली. डब्यातल्या मलाही ते ऐकू आलं.

म्हणून कार्ड दाखवल्याशिवाय मत देता येणार नाही असा नियम निघाला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. काकू मात्र तडकल्या.

"या गल्लीत जन्म गेला माझा. मी मीच आहे हे आता मी कागदाने सिद्ध करू? आणि जी माणसं अंथरुणाला खिळलीत, त्यांनी फोटोला कसं जायचं?"

"त्यांच्या घरी जाऊन काढा म्हणावं फोटो," इस्त्रीवाली म्हणाली. "पण काढाच. तुम्हाला सगळे ओळखतात हो, काकू. मला रांगेतून हाकललं तेव्हा कोणाच्या तोंडून शब्द फुटला का?"

काकू मशीनवर वाकल्या. रांगेत त्याही होत्याच.

फोटो काढायच्या दिवशी इस्त्रीवाली काकूंच्या दारात आली. "तुमचा जुना चष्मा द्या जरा."

"तुला कशाला? तुला तर आभाळातली घार दिसते!"

"दिसायला नको, दाखवायला हवाय. चष्मा घातला की माणूस शिकलेला वाटतो. मग कोणी हुसकावत नाही."

काकूंनी कपाळाला हात लावला, पण मला काढून दिलं. शाळेच्या हॉलमध्ये खुर्ची मांडली होती आणि फोटोवाला घाईत होता. इस्त्रीवालीने मला लावलं, मान ताठ केली आणि फोटो निघाला. ते पाहून मागची दूधवाली म्हणाली, "किती छान दिसतेस गं! मला दे ना." मग सायकलवाल्याने मला मागितलं. मग त्याच्या बायकोने, मग तिच्या जावेने. एका दुपारात सगळी गल्ली चष्मेवाली झाली आणि फोटोवाल्याने मान वर करून पाहिलंही नाही. काकूंनी मात्र आपला नवा चष्मा लावून चिडत चिडत फोटो काढला आणि तो चिडकाच आला. मी पुन्हा डब्यात गेलो. या वेळी मात्र माझी कॉलर टाइट होती.

मतदानाच्या दिवशी त्याच शाळेत जे घडलं ते मला नंतर कळलं. टेबलामागे एक कडक बाई बसल्या होत्या. त्यांनी इस्त्रीवालीचं कार्ड पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. "फोटोतल्या बाईंना चष्मा आहे. तुमचा कुठाय?" मागून दूधवालीने आपलं कार्ड पुढे केलं. त्यावरही काळी फ्रेम, काडीला हिरवा दोरा! कडक बाईंचा चेहरा आणखी कडक झाला. "हा काय प्रकार आहे? एकच बाई किती नावांनी मत देणार आहे?"

रांगेत कुजबुज सुरू झाली. ज्या कार्डासाठी इस्त्रीवालीने काकूंशी वाद घातला, तेच कार्ड आता तिला बाहेर काढत होतं. काकू पुढे आल्या. "अहो, ही आमची इस्त्रीवाली. मी सांगते ना."

"तसं सांगून आता चालत नाही, काकू. फोटो जुळला पाहिजे."

'बघ, मी म्हणत नव्हते?' असं म्हणायची याहून चांगली संधी काकूंना आयुष्यात मिळाली नसती. पण त्या तसं काहीच बोलल्या नाहीत. मागच्या वेळी रांगेत गप्प बसल्याचं त्यांच्या मनात सलत होतं. "तू इथून हलू नकोस," त्या म्हणाल्या. "कोणी म्हणालं तरी हलू नकोस. मी आलेच."

दुखरा गुडघा घेऊन काकू घरी आल्या. डबा उपडा केला. बटणं घरभर उडाली, पण त्यांनी एकही उचललं नाही. मला पदराने पुसलं आणि मुठीत धरून त्या निघाल्या. वाटेत त्यांना धाप लागली, पण त्या थांबल्या नाहीत. मतदान संपत आलं होतं आणि शिपाई फाटक लावायला येऊन उभा होता. इस्त्रीवाली टेबलाजवळ तशीच खांबासारखी उभी होती. काकूंनी मला तिच्या हातात दिलं.

तिने मला लावलं. कडक बाईंनी कार्ड वर धरलं. "तुमच्या अख्ख्या गल्लीत चष्मा एकच आहे की काय?"

"एकच आहे," इस्त्रीवाली म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. "चष्मा एक आहे, बाई, माणसं वेगळी आहेत. त्याच्याकडे नका बघू, माझ्याकडे बघा. हनुवटीवर हा भाजल्याचा डाग माझाच आहे. दूधवालीला नाही तो."

कडक बाई उठून उभ्या राहिल्या. हनुवटी पाहिली, फोटो पाहिला. मग फोटोतल्या दूधवालीचे वाकडे दात आणि समोर उभ्या दूधवालीचे दात पाहिले. त्या अजिबात हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "बोट पुढे करा." इस्त्रीवालीच्या बोटावर शाई लागली. नंतर सगळ्यांना एकेक करून नीट पाहून त्यांनी आत सोडलं.

त्या संध्याकाळी काकू आणि इस्त्रीवाली इस्त्रीच्या टेबलापाशी चहा पीत पुन्हा भांडल्या. काकूंना कार्ड नकोच होतं. इस्त्रीवालीला हवंच होतं, फक्त आता नव्या फोटोचं. शेवटी एका गोष्टीवर दोघींचं पटलं. जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत, त्यांच्या घरी फोटोवाल्याला आणल्याशिवाय दोघीही गप्प बसणार नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसून, जपून ठेवा, एवढं तर मी सांगणारच. पण आपल्या मताला त्याहून जास्त जपा. फोटो काढायला जाल तेव्हा आपलाच चेहरा घेऊन जा, तो पुरेसा आहे. कोणी अडवलं तर जागा सोडू नका. शेजारच्याला अडवलं तर गप्प बसू नका. आणि उद्या तुम्ही टेबलामागे बसलात, तर आधी माणसाकडे पाहा.

आता तुम्ही विचाराल, मत देण्याच्या आडोशामागे काय झालं? माझ्यातून इस्त्रीवालीला सगळं धूसर दिसत होतं. तिने मला काढून शेजारी ठेवलं, आपल्या उघड्या डोळ्यांनी चिन्हं पाहिली आणि मत दिलं. अगदी जवळून पाहिलं मी. कोणाला दिलं? माझी दोन्ही भिंगं फुटली तरी सांगणार नाही.