काखेतला टाका

"आई, तुझ्या हातून आजवर किती माणसं मेली?"

विचारलं एकदाचं! पिपाणीने डोळे घट्ट मिटून घेतले. तिघी मैत्रिणींनी दोन आठवडे तिच्या मागे भुणभुण लावली होती. नाटकात एवढी राणीबिणी होतेस ना, मग आईला हे विचारून दाखव, आकडा घेऊन ये, तीन आइस्क्रीम तुझी. तेव्हा मारलेल्या बढाया आता निस्तरायच्या होत्या.

पिपाणी हे अर्थातच तिचं घरातलं नाव. जन्मल्या जन्मल्या तिने असा काही सूर लावला होता, की खाली उभ्या अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आपली गाडी बघायला धावला म्हणे. आई गावच्या छोट्या हॉस्पिटलात इमर्जन्सीची डॉक्टर. म्हणजे ज्यांना थांबायला वेळ नाही, ती सगळी माणसं आधी आईपुढे येणार.

पिपाणीने हळूच एक डोळा किलकिला केला. आई खिडकीजवळ बसली होती. मांडीवर कुणा परक्या माणसाचा चौकडीचा शर्ट. तिने दाताने दोरा तोडला.

"पैज कितीची?"

"तुला कसं कळलं?"

"तुझे कान लाल झालेत. कितीची?"

"तीन आइस्क्रीम."

"मग शंभर सांग. मोठा आकडा असला की कोणी तपासायला जात नाही."

"आई! खरं सांग ना."

"खरं म्हणजे मी मोजत नाही." आईने शर्ट झटकून उजेडात धरला. "हा शर्टवाला जिवंत आहे बरं का. उद्या घरी जातोय."

वर्तमानपत्रामागून बाबा म्हणाले, "सकाळच्या पारी काय विषय काढलेत मायलेकींनी!" बाबा पोस्टात होते, आणि त्यांच्या मते बंद पाकीट बंदच राहिलेलं बरं.

शर्टांचं असं होतं. इमर्जन्सीत माणूस आला की कपडे कापावे लागतात, आणि सगळे मधून सरळ कापतात. आई मात्र घाई थोडी जरी कमी असली तरी शिवणीवरून कापायची. शिवणीवर कापलेलं परत शिवता येतं. मग असे कपडे पिशवीतून घरी यायचे, आणि सुट्टीच्या सकाळी आई त्यांना टाके घालत बसायची. पिपाणीला त्याची फार लाज वाटे. डॉक्टरची मुलगी म्हणून मिरवावं, तर घरात शिंप्याचं दुकान!

पण आता हे थोड्याच दिवसांचं होतं. दूरच्या मोठ्या शहरात एक शाळा होती, जिथे अकरावीपासून नाटक हाच विषय घेता येतो. पिपाणीची तिथे निवड झाली होती. चारशे मुलांतून वीस! गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा ती बातमी ठाऊक होती. घोडं अडलं ते होस्टेलपाशी. त्याचं नाव निघालं की राणीसाहेब पांघरुणात शिरायच्या. अनोळखी खोली, अनोळखी मुली, आणि रात्री आईची चाहूल नाही. "मी मरेन तिथे," असं म्हणून तिने दोन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी आईनेच त्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात अर्ज केला. बाबा बदली मागणार होते. आईला होकाराचं पत्र आलं होतं. उत्तर सोमवारपर्यंत कळवायचं होतं, आणि आज रविवार.

"तिथे नातेवाइकांशी बोलायला वेगळा माणूस असतो," आईने पत्र वाचून सांगितलं होतं. "आपण फक्त पेशंट बघायचा."

"किती मस्त!" पिपाणी म्हणाली होती. आईने पत्राची घडी घातली होती, पाकिटात मावायला लागते त्यापेक्षा एक जास्तच.

दुपारी आई ड्यूटीवर गेली आणि चष्मा खिडकीतच राहिला. जवळचं दिसायला तो लागतोच. पिपाणी तो घेऊन तरातरा निघाली.

"काय गं पिपाणी, आज आवाज बंद?" मोठ्या सिस्टरांनी दारातच पकडलं. त्यांनी तिला लंगोटात पाहिलं होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे कुठलाच रुबाब चालत नसे. "आई कामात आहे. बस त्या बाकावर. आणि आत डोकवायचं नाही."

म्हणजे डोकवायचंच. पडदा अर्धाच ओढलेला होता. आत पलंगावर एक म्हातारे आजोबा बसून धापा टाकत होते. चेहरा घामाने डबडबलेला, अंगात हिरवा स्वेटर. शेजारी आजी, आणि आजींनी स्वेटरची बाही घट्ट धरून ठेवली होती.

"कापू नका हो. मी विणलाय."

"आजी, मधून नाही कापत," आई म्हणाली. तिचे हात एकीकडे चाललेलेच होते. "कडेला तुम्ही हाताने जोडलंय ना, तेवढंच उसवते. वीण सुटणार नाही. सोडा बघू."

आजींनी सोडलं. कात्री मनगटापासून काखेत आणि काखेतून कमरेपर्यंत सर्रकन गेली, दुसऱ्या बाजूने तशीच, आणि स्वेटर सालासारखा निघून आला. आजोबा धापेतच म्हणाले, "घ्या, सुटलो एकदाचा."

सिस्टरांनी आजींना बाहेर आणून पिपाणीशेजारी बसवलं.

"तू कोण गं?"

"डॉक्टरांची मुलगी."

"बरं बरं." आजी स्वतःच्याच बोटांकडे बघत बोलत राहिल्या. "दोनदा उसवून विणलाय बघ. ते म्हणतात लोकर आटली. लोकर कुठली आटते, पोट सुटलंय! आणि काखेत जरा घट्ट झालं की दिवसभर खांदे उडवत बसणार, कावळ्यासारखे."

पिपाणीला हसू आलं. आजींनाही आलं. तेवढ्यात आत काहीतरी वाजायला लागलं आणि पडदा पूर्ण ओढला गेला. पावलं धावली. मग आईचा आवाज. घरी आई चिडली की तिचा आवाज चढतो. इथे तो खाली खाली चालला होता, एकेक शब्द वेगळा. आजींनी पिपाणीचा हात कधी धरला ते दोघींनाही कळलं नाही.

बराच वेळ गेला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पिपाणीने इतका निरखून आयुष्यात पाहिला नव्हता.

आई बाहेर आली ती स्टूल घेऊन. आजींच्या समोर ठेवून बसली, डोळ्याला डोळा भिडेल अशी.

"आजी, त्यांचं हृदय बंद पडलं. आम्ही ते परत सुरू करायला खूप बघितलं. नाही झालं. ते वारले."

एवढंच. मग आई बसून राहिली. उठली नाही, घड्याळाकडे बघितलं नाही, पाठीवर थोपटलंही नाही. पिपाणीला वाटलं, काहीतरी बोल ना आई! पण आई थांबली होती.

किती तरी वेळाने आजी म्हणाल्या, "स्वेटर कुठाय?"

"आहे. माझ्याजवळ आहे."

"थंडी फार वाजते त्यांना."

आईने मोठ्या सिस्टरांकडे बघितलं. "बसा तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "कोणी आलं तर हाक मारते." आणि विचारायच्या आधीच त्यांनी बँडेजच्या खणातून सुईदोऱ्याचा डबा काढून दिला.

आईने सुई डोळ्यांशी नेली, लांब नेली. दोरा जाईना. तेव्हा कुठे पिपाणीला आपल्या मुठीतल्या चष्म्याची आठवण झाली. तिने तो पुढे केला. आईने बघितलं, जणू लेक आत्ताच दिसली, आणि चष्मा लावला.

"हिरवा दोरा नाहीये, आजी. काळा चालेल?"

"आतून कोण बघतंय."

आई टाके घालत गेली. कमरेपासून वर, एकेक. आजी थोडं वाकून, काम शिकवणाऱ्या बाईसारख्या बघत होत्या. सुई काखेपाशी आली तशा त्या म्हणाल्या, "इथे जरा सैल घ्या. घट्ट झालं की चिडतात."

आईची सुई थांबली. तिने घातलेले शेवटचे दोन टाके उसवले आणि पुन्हा घातले, सैल. मग बोट घालून आजींना दाखवलं.

"एवढं?"

"हां. एवढं."

आजोबांना स्वेटर घालायला दोघी मिळून आत गेल्या. दार लागलं. बाकावर काळ्या दोऱ्याचे दोन तुकडे पडले होते. पिपाणीने ते उचलले, आणि काय करावं ते न सुचून खिशात ठेवले.

संध्याकाळी मायलेकी चालत घरी निघाल्या. बाजार ओलांडल्यावर पिपाणीने विचारलं,

"आई, शिवणीवरून कापायला जो जास्त वेळ लागला, त्याने…"

"नाही," आई म्हणाली. "बोलत होते ना ते. श्वास बंद असता तर मीसुद्धा मधूनच फाडला असता." चार पावलं गेल्यावर ती म्हणाली, "पण विचारलंस ते बरं केलंस. मीही दर वेळी विचारते स्वतःला."

"तिथे गेल्यावर कपडे कोण शिवणार?"

"तिथे वेळ नसतो गं. पिशवीत भरून देतात."

"आणि स्टूल घेऊन कोण बसणार?"

 आईने पिपाणीच्या खांद्यावरून हात टाकला. तो हात जड होता, दमलेला. पिपाणीने तो घरापर्यंत सरकू दिला नाही.

सगळे जेवायला बसले तेव्हा पाकीट टेबलावरच होतं. बाबांनी पेनसुद्धा आणून ठेवलं होतं. आईने चष्म्यासाठी हात पुढे केला, आणि पिपाणी खुर्ची मागे ढकलून उभी राहिली. नाटकात राहते तशी नव्हे. एका हाताने टेबलाची कड धरून.

"मी ठरवलंय. मी होस्टेलला राहणार. एकटी. तुम्ही दोघं इथेच राहायचं."

"अगं, पण तूच तर…" बाबा म्हणाले.

"माहितीये. रडेन मी. आठ दिवस तरी नक्की रडेन, सगळं होस्टेल उठून बसेल. पण आईने जायचं नाही." तिने खिशात हात घातला. दोरा होता तिथेच. "आणि आई, जायच्या आधी मला शिवायला शिकव. काखेतलं आधी."