अंतिम सामन्याची चौकशी समिती

सबीहा मॅडमच्या आधी या लीगला एक रेफरी होता. एका रविवारी हाफटाइमला पाणी पिऊन येतो म्हणून तो गेला आणि थेट धारणी गावाला निघालेल्या जीपमध्ये जाऊन बसला. शिट्टीसुद्धा घेऊन गेला. त्याचा शोध कुणी घेतला नाही, कारण दोन्हीकडच्या पालकांच्या मते तो दुसऱ्या बाजूला फितूर होता.

मग बारा वर्षांखालच्या मुलामुलींच्या या अमरावती-अकोला फुटबॉल लीगचे अध्यक्ष किशोरभाऊ यांनी सबीहा मॅडमना फोन केला. मॅडम अकोल्याच्या, एका शाळेत खेळाच्या शिक्षिका, रेफरीची परीक्षा रीतसर पास झालेल्या. त्यांचं नाव जाहीर होताच अमरावतीचे पालक म्हणाले, "बाई अकोल्याच्या, म्हणजे आमचं झालंच कल्याण." अकोल्याच्या संघाचे कोच इमरानभाई म्हणाले, "आपल्या गावच्या हायेत, म्हणून दाखवाले आमच्याच पोरायवर शिट्ट्या मारतीन." दोन्ही बाजू सारख्याच नाराज आहेत हे पाहून किशोरभाऊंची खात्री पटली की बाई निःपक्षपाती आहेत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं.

"मॅडम, कार्डं जरा जपून. पालक मनाले लावून घेते. लयच वाटलं तं पिवळं दाखवा, पण हासून दाखवा."

सबीहा हसली नाही, पण कार्डंही तिला फारशी लागली नाहीत. पोरं सांगितलेलं ऐकायची. अडचण मैदानाबाहेरची होती. तिथे पांढऱ्या रेषेला खेटून आईबाप उभे असत, आणि ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता ते सगळे एकाच वेळी 'ऑफसाइड' म्हणून ओरडत. एकदा तर थ्रो-इनलाही ओरडले, ज्याला ऑफसाइड नसतोच. "बाईले नियम समजते का?" असं एकजण मुद्दाम मोठ्याने विचारायचा, आणि तिला दर वेळी कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं जाणवायचं. ती वळून बघत नसे. वळलं की संपलं, हे तिला शाळेतल्या सातवी 'ब'नं शिकवलेलं होतं.

अंतिम सामना अमरावतीला झाला. नऊ वाजताचा सामना प्रमुख पाहुण्यांची वाट पाहून सव्वादहाला सुरू झाला. पाहुण्यांनी भाषणात पोरांना मैदानी खेळाचं महत्त्व सांगितलं. ऐकता ऐकता पोरं उन्हात उभी राहून दमली. मग खेळ सुरू झाला आणि चांगला झाला. अकोल्यानं एक गोल केला, अमरावतीनं फेडला. शेवटची चार मिनिटं उरली होती.

तेवढ्यात अकोल्याच्या पोरानं गोलाच्या दिशेनं जोरात फटका मारला. मध्ये अमरावतीची रागिणी होती. अकरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, पण बचावाला उभी राहिली की मोठमोठी पोरं तिला वळसा घालून जायची. चेंडू तिच्या अंगावर आदळून बाहेर गेला. सबीहाच्या समोर नेमकं दुसरं पोर आलं होतं. चेंडूनं दिशा बदलली एवढं तिला दिसलं, कशाला लागून ते दिसलं नाही. अकोल्याची पोरं 'हँडबॉल, हँडबॉल' करून तिच्याभोवती गोळा झाली.

रागिणीनं वर्गात करतात तसा हात वर केला.

"मॅडम, माह्या हाताले लागला."

सबीहानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, शिट्टी मारली आणि पेनल्टीच्या खुणेकडे बोट केलं.

त्याबरोबर रागिणीचे वडील भगवंतराव मैदानात आले. भगवंतरावांचं मोठं कृषी केंद्र, पण उभ्या पिकात शिरताना माणूस जेवढा विचार करतो तेवढासुद्धा त्यांनी केला नाही.

"काहून देली पेनल्टी?"

"तुमच्या मुलीनंच सांगितलं."

"लेकरू हाये थे! खोटं बोलून राहिली!"

"मी खोटं नाही बोलत, पप्पा," रागिणी म्हणाली. "तुमी तं फोनमधी पाहून राहिले होते."

"तू चूप बस. घरी चाल, मंग सांगतो."

सबीहानं त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते गेले नाहीत. त्यांच्यामागे आणखी सात-आठ बाप आले, समोरून इमरानभाई आले. तिनं घड्याळ थांबवलं, चेंडू पेनल्टीच्या खुणेवर ठेवला आणि सरळ त्यावर बसली.

"मैदान रिकामं झाल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही," ती म्हणाली.

चेंडूवर बसलेल्या बाईशी कसं भांडावं हे कुणालाच सुचेना. तेवढ्यात पाहुण्यांच्या मांडवातून किशोरभाऊंचा माइकवरून आवाज आला. प्रकरण गंभीर असल्यामुळे त्यांनी तिथल्या तिथे पाच जणांची चौकशी समिती नेमली होती. ज्यांच्याकडे व्हिडिओ असेल त्यांनी मांडवात यावं. व्हिडिओ सगळ्यांकडेच होते. दोन मिनिटांत सगळी मोठी माणसं मांडवात गेली.

समितीनं वीस फोन पाहिले. प्रत्येक बापानं, प्रत्येक आईनं फक्त आपलंच लेकरू टिपलं होतं. कुणाचं लेकरू धावत होतं, कुणाचं मोजे वर ओढत होतं, एकाचं नाक शिंकरत होतं. चेंडू एकाही फोनमध्ये नव्हता. भगवंतरावांच्या फोनमध्ये रागिणी होती, पण गळ्यापासून वर. विसाव्या फोनमध्ये प्रमुख पाहुणे गिला वडा खात होते. तो व्हिडिओ समितीनं दोनदा पाहिला आणि पुसायला लावला.

अर्ध्या तासानं ठराव लिहून झाला: चेंडू हाताला लागला असे मुलीचे म्हणणे असले, तरी तिच्या पालकांचे म्हणणे तसे नाही; सबब पेनल्टी रद्द, सामना बरोबरीत, दोन्ही संघ संयुक्त विजेते. पाचही जणांनी सह्या केल्या. किशोरभाऊ समाधानानं म्हणाले, "आता मॅडमची एक सही घेतली का झालं."

इकडे मैदानात पोरं पाणी पिऊन, गवतात लोळून कंटाळली होती.

"मॅडम, आपण खेळाचं का नाही?" रागिणीनं विचारलं.

सबीहानं आजूबाजूला पाहिलं. रेषेवर कुणी नव्हतं. तिनं घातलेली अट पुरी झाली होती. सामना संपल्याची शिट्टी तिनं वाजवलेली नव्हती, आणि ती वाजवायचा हक्क कुठल्या समितीला नव्हता. तिनं चेंडूवरून उठून घड्याळ सुरू केलं.

अकोल्याच्या पोरानं पेनल्टी मारली. चेंडू खांबाला आपटून परत आला. रागिणीनं तो असा उंच उडवला की थेट मैदानाच्या पलीकडच्या अर्ध्यात पडला, आणि आपल्या अर्ध्यातून एकट्याच धावत गेलेल्या अमरावतीच्या बुटक्या फॉरवर्डनं तो जाळ्यात ढकलला. कुणी ओरडलं नाही. कुणी नियम सांगितला नाही. सबीहाला चेंडूला लागलेल्या पायाचा आवाज ऐकू आला, जो तिनं या लीगमध्ये कधी ऐकलाच नव्हता. उरलेली मिनिटं खेळून तिनं शेवटची शिट्टी मारली.

शिट्टी ऐकून मांडव धावत आला. तिनं किशोरभाऊंच्या हातात निकालपत्र दिलं: अमरावती दोन, अकोला एक.

"मॅडम, पण ठराव झाला ना," किशोरभाऊ रडवेल्या आवाजात म्हणाले.

"कशाचा ठराव?" भगवंतराव कडाडले. "मैदानात रेफरी म्हणन थे खरं! बाईले नियम बराबर समजते!"

"आमी ठरावावर ठाम हावो," इमरानभाई म्हणाले. "समितीचा अपमान सहन करनार नाही."

शेवटी ठराव फायलीत गेला आणि चषक अमरावतीला मिळाला, कारण प्रमुख पाहुण्यांना दुसरीकडे उद्घाटन होतं. भगवंतराव फोन घेऊन लेकीच्या मागे लागले.

"बेटा, थो उंच मारलेला बॉल अजून एक डाव मार नं. माह्यानं घेनंच झालं नाही."

"नाही येत तसा पुन्हा," रागिणी म्हणाली आणि बुटाच्या नाड्या सोडायला बसली.

परतीच्या एसटीत अकोल्याचा संघ आणि सबीहा एकाच गाडीत होते. इमरानभाई दोन सीट पुढे, तोंड फिरवून बसलेले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं, तेव्हा ते एकदम मागे वळले.

"मॅडम, एक विचारू? हात लागलेला तुम्हाले दिसला होता का?"

"नाही."

"मंग पेनल्टी काहून देली?"

"पोरीनं सांगितलं म्हणून."

"आमच्यातल्या एकानंही सांगितलं नसतं," इमरानभाई म्हणाले, आणि त्यात अभिमान होता की खंत, ते त्यांनाही नीट कळलं नसावं.

"मी सांगितलं असतं, सर," मागच्या सीटवरून पेनल्टी हुकवलेलं पोर म्हणालं.

"तू चूप बस," इमरानभाई म्हणाले.

हसू कुणाला दिसू नये म्हणून सबीहानं ओढणी तोंडावर घेतली, आणि अकोला येईपर्यंत झोपून गेली.