बाटलीतलं लाल पाणी

ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत मी एकतीस वर्षं काढली. खोटे जन्मदाखले, खोटे वारसदाखले, खोडून पुन्हा लिहिलेल्या तारखा, कागद नुसता हातात घेतला तरी मला वास यायचा. कुठे शंका आली की तहसीलदार म्हणायचे, आधी चिदंबररावांना दाखवा. या गोष्टीचा मला बराच ताठा होता. अशा माणसाने स्वतः केलेल्या लबाडीबद्दल आणि जिने ती पकडली तिच्याबद्दल मला सांगायचं आहे.

निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. साल पंच्याण्णव. तंजावुरातल्या आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत केबलची तार आली आणि त्याच महिन्यात माझ्या थुंकीत रक्त आलं. पूर्व राजवीथीवर डॉक्टर गुरुमूर्तींचा दवाखाना होता. त्यांनी फोटो काढला, थुंकी तपासली आणि क्षय आहे म्हणून सांगितलं. आठ महिने औषध, एकही दिवस चुकवायचं नाही, तीन आठवडे नेमाने घेतलं की सहसा दुसऱ्याला लागत नाही, एवढं बोलून त्यांनी मला नर्सकडे पाठवलं.

नर्स आमच्यातलीच, तंजावुरी मराठी निघाली. तुळजारामांची विनुता. ती नर्सिंग शिकायला मदुरैला गेली तेव्हा आमच्या गल्लीत केवढी चर्चा झाली होती. चांगल्या घरच्या मुलीने परक्या माणसांची मलमूत्राची भांडी उचलायची का, असं मीच ओसरीवर बसून चारचौघांत बोललो होतो. तिच्या कानावर ते गेलं असणार. तिने मात्र मामा म्हणून हाक मारली, स्टूल पुढे केलं आणि एका ट्रेमध्ये माझी औषधं मांडली. तीन तऱ्हेच्या गोळ्या आणि एक लालभडक कॅप्सूल.

एकेक उचलून तिने समजावलं. ही रिकाम्या पोटी, ही डोळ्यांना त्रास देऊ शकते म्हणून रंग नीट दिसेनात तर लगेच यायचं, भूक मेली किंवा डोळे पिवळे झाले तरी यायचं. लाल कॅप्सूल सगळ्यांत कामाची, तिने लघवी केशरी-लाल होते, घाबरायचं नाही. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, आता तुम्ही मला सांगा. मला रागच आला. एकतीस वर्षं लोकांची तोंडी परीक्षा मी घेतलेली, आणि ही कालपरवाची पोर माझी घेते. पण सांगितलं. एक चुकलं, तिने पुन्हा म्हणायला लावलं. घरात कोण कोण आहे, तेही विचारून घेतलं. तेव्हा घरात मी आणि माझी बायको चंद्रमती, दोघंच होतो.

चार दिवस मी सगळं नेमाने घेतलं. पाचव्या दिवशी शेजारचे वेंकटेश आले. ते वाचनालयात बसून इंग्रजी मासिकं वाचतात आणि तिथलं ज्ञान गल्लीत वाटतात. ते म्हणाले, कॅप्सूलचं कवच गुरांची हाडं उकळून करतात.

आमच्या घरात भवानीची पूजा सात पिढ्या चालत आलेली आहे. पूजा होईपर्यंत मी पाण्याचा थेंब घेत नाही. कांद्याला माझा हात लागलेला नाही. आणि रोज सकाळी पूजा आटोपून मी हाडाचं कवच गिळत होतो! कोणाला विचारावं, तर डॉक्टर हसतील आणि चंद्रमती घाबरेल. मग मी माझाच निकाल दिला. चारांतली तीन औषधं घेतोय म्हणजे शंभरात पंचाहत्तर गुण, तेवढ्यात कोणीही पास होतो. रोज ती लाल कॅप्सूल खिशात टाकायची आणि फिरायला गेलं की पुदु आरूच्या कालव्यात सोडायची. त्या कालव्यातल्या माशांना क्षय होणं शक्यच नव्हतं.

सुरुवातीला बरंही वाटलं. ताप उतरला, खोकला कमी झाला. महिना उलटला तेव्हा मद्रासहून कीर्तनाचा फोन आला. माझी एकुलती एक मुलगी, पहिलं बाळंतपण. माहेरी यायचं की नाही हे माझ्या औषधावर अडलं होतं. जावई मुरलीने स्वच्छ विचारलं, औषध रोज घेताय ना. मी म्हटलं, तीन आठवडे कधीच झाले, खुशाल पाठवा. ती आली. मुलगा झाला.

रिपोर्ट स्वच्छ येईपर्यंत बाळाला हातात घ्यायचं नाही, असं चंद्रमतीने बजावलं होतं. म्हणून मी ओसरीवर झोपायचो. पण रोज सकाळी कीर्तना त्याला दारापाशी आणायची आणि मी वाकून बघायचो. त्याचं जावळ माझ्या श्वासाने हलायचं, इतका वाकायचो.

दुसरा महिना संपला आणि थुंकी पुन्हा तपासली. जंतू होतेच. संध्याकाळचा तापही परत येऊ लागला होता. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. औषधाला रोग दाद देत नाही असं दिसतं, मग इंजेक्शनं, नाहीतर काही महिने सॅनिटोरियम, असं ते बारशासाठी आलेल्या मुरलीशी बोलत होते. तेवढ्यात विनुताने मला हळूच विचारलं, लघवीचा रंग कसा आहे. मी म्हटलं, लाल. तिने एक छोटी बाटली दिली. उद्या सकाळी औषध घेतल्यावर दोन तासांनी हिच्यात आणून द्या म्हणाली.

त्याच संध्याकाळी आमच्याकडे बारसं होतं. आमच्याकडे बाळाला पाळण्यात घातल्यावर आरतीच्या पाण्याने ओवाळतात. हळदीच्या पाण्यात चुना कालवला की ते रक्तासारखं लाल होतं. ओवाळून झालं की दृष्ट जावी म्हणून दारात ओतायचं. मी आत जायचा नव्हतो, म्हणून ते ओतायचं काम माझ्याकडे आलं. मी ताट घेऊन दारात उभा राहिलो आणि त्या लाल पाण्याकडे बघितलं. ओतलं, पण दोन पळ्या वाटीत काढून ठेवल्या.

सकाळी बाटलीत काय केलं ते सांगायला नको. रंग इतका झकास जमला, की खोटा दाखला करणाऱ्यांना काय समाधान मिळत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यात मुरली बरोबर होता. विनुताने बाटली खिडकीकडे धरली. बराच वेळ बघत राहिली. मग मुरलीला म्हणाली, अण्णा, कोपऱ्यावरच्या दुकानातून एवढा कापूस आणाल का. तो गेल्यावर तिने बाटली आडवी केली. तळाला हळदीचा गाळ बसलेला होता.

"मामा," ती म्हणाली, "घरी कोणास ओवाळलं?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"आमच्या घरीही हेच करतात की. कोणास ओवाळलं ते सांगा."

"नातवास."

"किती दिवसांचा?"

"तेरा."

तिचा चेहरा उतरला. ती माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि बाटली तिने मांडीवर धरली. मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. तसं केलं असतं तर मी उलट चिडलो असतो, कचेरीत चिडायचो तसा, आणि सगळं निभावून नेलं असतं. तिने एवढंच विचारलं, "त्यास रोज किती जवळून बघतां?"

तिथे मी कोसळलो. कवच, वेंकटेश, कालवा, सगळं बाहेर आलं. तीन आठवड्यांचा हवाला देऊन पोरीला मीच बोलावलं, हेही सांगितलं. रडलो. बायकोसमोर कधी रडलो नव्हतो, पण जिची मी ओसरीवर बसून निंदा केली होती तिच्यासमोर रडलो.

माझं रडणं ओसरेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "कवचाचं ते खरं असेल, मामा. नाही म्हणून मी खोटं सांगणार नाही. पण पहिल्या दिवशी मीच विचारायला हवं होतं, हे घ्यायला तुम्हास काही अडचण आहे का म्हणून. मी सगळं सांगितलं, तेवढं विचारलं नाही. ते माझं चुकलं."

तिचं चुकलं! मला आजही ते वाक्य आठवलं की मान वर करवत नाही.

मग ती कामाला लागली. तेच औषध लहान मुलांसाठी पातळ मिळतं, त्याला कवच नसतं. डॉक्टरांना तिने आत जाऊन सांगितलं, की यांच्या पोटात कॅप्सूल गेलेलीच नाही, रोग दाद देतो की नाही ते अजून कळायचंच आहे. मुरली परत यायच्या आत डॉक्टरांनी मला कडक शब्दांत झापलं आणि सॅनिटोरियमची चिठ्ठी बाजूला ठेवली. विनुताने माझा दिनक्रम विचारला. पूजा होईपर्यंत मी काही खात नाही, हे ऐकून ती पहिल्यांदाच हसली. या औषधाला तसंच पोट हवं असतं, म्हणाली. पूजा झाली की औषध, मग तासभर काही नाही, मग इडली. माझं सोवळं तिने मोडायला लावलं नाही, औषधाच्या कामाला लावलं. पुन्हा सगळं माझ्याकडून म्हणवून घेतलं. या खेपेला मी शाळेतल्या मुलासारखं म्हणून दाखवलं.

बाळाला त्याच दिवशी बोलावून तपासलं. त्याला काही झालेलं नव्हतं. पण होऊ नये म्हणून सहा महिने रोज अर्धी गोळी द्यावी लागणार होती. तेरा दिवसांचं पोर, आणि माझ्या सोवळ्यापायी त्याला औषध. विनुताने कीर्तनाला गोळी कशी ठेचायची, चमचाभर पाण्यात कशी कालवायची ते दाखवलं. का द्यायची, हे विचारल्यावर म्हणाली, आजोबांचे जंतू अजून गेलेले नाहीत, म्हणून काळजी घ्यायची. जेवढं खरं होतं तेवढंच बोलली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी शेजारच्या घरातल्या माडीवर राहायला गेलो. ते लालसर गोड औषध घेऊ लागलो आणि त्याच दिवशी रंग दिसला. लघवी बघून देवाला हात जोडणारा माणूस तंजावुरात दुसरा नसेल. पंधरवड्यात ताप गेला. भूक इतकी लागायची की चंद्रमती वैतागली. दर आठवड्याला विनुता सायकलवरून यायची, बाटलीतलं औषध किती उरलं ते बघायची, डोळे बघायची. एकदा मी म्हटलं, तुझ्याबद्दल मी वाईट बोललो होतो. ती म्हणाली, माहीत आहे मामा, जीभ दाखवा.

तीन महिन्यांनी लागोपाठ दुसऱ्यांदा थुंकी स्वच्छ आली. आम्ही सगळे दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणाले, औषध आठ महिने पुरं करायचंच, पण आता नातवाला खुशाल घ्या. कीर्तनाचे डोळे भरून आले. तिने बाळ माझ्यापुढे धरलं. तीन महिन्यांचा गुटगुटीत, डोळ्यांत काजळ, माझ्या चष्म्याकडे टक लावून बघणारा.

माझे हात उठेनात. कोणालाच काही कळणार नव्हतं. विनुता कोपऱ्यात पुड्यांवर नावं लिहीत होती, ती जन्मात बोलली नसती, डॉक्टरही नसते. घ्यायचं आणि घरी जायचं, इतकं सोपं होतं. मी म्हटलं, कीर्तना, आधी एक ऐक.

आणि सांगितलं. विनुताचं लिहिणं थांबलं. मुरली उठून खिडकीपाशी गेला. कीर्तना बाळाला छातीशी घेऊन बाकावर बसली.

"मी आले तेव्हाही टाकत होतां?" तिने विचारलं.

"होय."

"हा झाला तेव्हाही?"

"होय."

ती बराच वेळ बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग विनुताकडे बघून म्हणाली, "तुम्हास माहीत होतं?"

"होय, अक्का. हे त्यांनी सांगायचं म्हणून ठेवलं होतं."

कीर्तनाने पदराने डोळे पुसले. ती उठून माझ्याकडे आली आणि तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. त्याचं वजन मला वाटलं होतं त्याहून जास्त होतं. त्याने माझं बोट धरलं आणि सोडेना.

"अप्पा," ती म्हणाली, "उद्यापासून ह्याची गोळी तुम्हीच द्यायची. मी रोज विचारीन."

मुलीने एवढं झाल्यावरही आपलं लेकरू माझ्या हाती दिलं, याहून मोठं मला आयुष्यात काही मिळालेलं नाही. पुढचे तीन महिने कीर्तना मद्रासला गेलीच नाही. रोज पूजा झाली की मी अर्धी गोळी ठेचायचो, चमच्यात कालवायचो, तो थुंकून टाकायचा, मी पुन्हा भरवायचो. आणि रोज आठ वाजता ती स्वयंपाकघरातून विचारायची, दिली का. मी म्हणायचो, दिली. मग ती बाहेर यायची, चमचा उचलून बघायची आणि मला कॉफी द्यायची.