हौदातली फुलझाडे

मित्रांनो, मी गावच्या कुरणातला जुना दगडी हौद आहे. पाथरवटाने एका अखंड दगडातून मला कोरले. जो मला रोज पाण्याने भरेल, त्याने शेजारच्या तुकड्यावर घर बांधून राहावे, असे पंचांनी तेव्हाच ठरवून दिले. त्या घरातली शेवटची म्हणजे मावशी. सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या मागे तीच पाणी शेंदून मला भरू लागली. तिची कंबर वाकली, पण माझा तळ गुरांना कधी दिसला नाही.

गावकरी माझे फार कौतुक करत. कौतुकाला पैसे पडत नाहीत. बादली मात्र एकानेही उचलली नाही.

मग पुढाऱ्याला कुरणावर गोदाम बांधायची हाव सुटली. मावशीला हुसकावण्यासाठी त्याने कोर्टात दावा लावला. इथे गुरे कधी आलीच नाहीत, मग पाणी भरणे कसले, म्हातारी घुसखोर आहे, असे त्याचे म्हणणे. कोर्टाचे साहेब जागा पाहायला येणार म्हटल्यावर या दीडशहाण्याने माझ्यात माती भरली, फुलझाडे लावली आणि मला गुलाबी रंग फासला.

साहेब आले. पुढारी हात जोडून म्हणाला, "ही बागेतली कुंडी आहे साहेब. शोभेची."

मावशी दारात बोचके बांधून उभी होती. जमलेल्या गावकऱ्यांच्या तोंडाला कुलूप. मला त्या सगळ्यांची किळस आली.

तेवढ्यात धूळ उडवत म्हशी आल्या, पुढाऱ्याच्याच. साऱ्या गावाला गप्प राहायला पढवणाऱ्या या शहाण्याला 'आज म्हशी सोडू नको' एवढे बायकोला सांगणे कमीपणाचे वाटले होते, आणि तिने नेहमीच्या वेळी गोठा सोडला. म्हशी सरळ माझ्याकडे आल्या. पाणी मिळेना, तेव्हा फुलझाडे खाऊन मोकळ्या झाल्या.

"या कुणाच्या?" साहेबांनी विचारले.

मावशी पुढाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यांच्याच. रोज इथंच पाणी पितात. ती पांढऱ्या कपाळाची जरा हावरट आहे, मालकावर गेलीय."

कोर्टाने मावशीचे घर राखले. लगेच सभा भरली. 'कुरण आम्ही वाचवले' म्हणून पुढाऱ्याने भाषण ठोकले आणि गावाने टाळ्या पिटल्या. चोर तो चोर, वर शिरजोर.

माझ्यातली माती अजून तशीच आहे. मावशी एकटी गुडघे टेकून पाटी पाटी उपसते. मित्रांनो, माझी गोष्ट आवडली असेल तर टाळ्या वाजवू नका. फावडे घेऊन या.