वजन न सांगणारा काटा

मित्रांनो, मी जुना आहे, लोखंडी आहे आणि वजनकाटा आहे. लोणावळ्यात लहान मुलांच्या डॉक्टरांचा एक दवाखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत, खिडकीशेजारी मी उभा असतो. पायाशी रबर लावलेली फळी, मागे छातीएवढा उंच खांब आणि खांबाच्या डोक्यावर घड्याळासारखी गोल तबकडी, असं माझं रूप आहे. काटा अधूनमधून अडखळतो, पण खरं तेच दाखवतो.

माझा जन्म पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. पोटात स्प्रिंग बसवली, अंगावर पांढरा रंग मारला आणि वजनांची चळत चढवून माझी परीक्षा घेतली. मी पास झालो. मग टेम्पोत आडवा पडून जुन्या हायवेने इथे आलो. इथली हवा लोखंडाला मानवत नाही. पावसाळ्यात डब्यातला पापडसुद्धा मऊ पडतो, तिथे माझी काय कथा! दर दिवाळीच्या आधी डॉक्टर मला घासून रंग देत, म्हणून टिकलो.

ते माझे वैभवाचे दिवस होते. डोंगरातल्या वाड्यांवरून आया पोरांना घेऊन पायी येत. पोर फळीवर उभं राही आणि सगळ्यांचे डोळे माझ्या तबकडीवर खिळत. काटा मागच्या खेपेपेक्षा पुढे सरकला की आई हरखून जाई, डॉक्टर पोराची पाठ थोपटत आणि टेबलावरच्या बरणीतून त्याला चिक्कीचा तुकडा मिळे. वाढलेला आकडा म्हणजे आनंदाची बातमी, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. त्या काळात मी स्वतःला फार शहाणा समजत असे.

पुढे दवाखान्यात विजेवर चालणारा काटा आला. तो लाल आकडे दाखवतो आणि वर 'पीं' करून शिट्टीही मारतो. माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथे माझ्या खांबाला ओल्या छत्र्या अडकवत, तबकडीवर रेनकोट वाळत घालत. बरीच वर्षं माझ्या फळीवर कुणी पाय ठेवला नाही.

मग अनिताताई आल्या. त्या समुपदेशक आहेत, म्हणजे मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करणाऱ्या. राहायला जवळच्याच वलवणला. डॉक्टरांनी त्यांना मागची खोली दिली. त्यांनी आधी माझ्यावरच्या छत्र्या काढल्या, मग फडक्याने मला पुसलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मला तो शिट्टीवाला नको. हा बरा आहे."

मी खूश झालो. पण ती खुशी फार टिकली नाही. पहिली मुलगी आली, तेव्हा अनिताताई तिला म्हणाल्या, "पाठ करून उभी राहा. आकडा डॉक्टरांना लागतो, तुला नाही." मुलगी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. अनिताताईंनी आकडा बघितला, चेहऱ्यावरची रेषही न हलवता "उतर" म्हणाल्या आणि तिच्या मांजराची चौकशी करू लागल्या. मला हा सरळसरळ अपमान वाटला. काट्याकडे पाठ फिरवायची, तर काटा ठेवायचाच कशाला?

कारण हळूहळू उमगलं. या खोलीत येणारी मुलं तेरा-चौदापासून सतरा-अठरापर्यंतची. मुली जास्त, पण मुलगेही येतात. घरात धान्याची कणगी भरलेली असते आणि यांच्या गळ्याखाली घास उतरत नाही. कुणी जेवणाला घाबरतं, कुणी जेवल्यावर स्वतःवरच चिडतं. आरशात त्यांना जे दिसतं ते दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. ज्या आकड्यावर एकेकाळी आया हरखायच्या, तोच आकडा पाहून आता त्यांच्या लेकी रडतात. स्प्रिंग तीच आणि काटाही तोच.

आईवडील येतात ते वैतागून. "खायला काय कमी आहे हिला? नुसते नखरे!" अनिताताई शांतपणे सांगतात, "नखरे नाहीत, आजार आहे. पोराला ताप आला तर 'ताप सोड' म्हणून आपण ओरडतो का? औषध देतो, उशाशी बसतो. इथेही तेच करायचं. ताट समोर आलं की भांडण नको, घासांची घासाघीस नको. शेजारी बसा, स्वतः जेवा आणि गप्पा दुसऱ्या मारा." त्या स्वतःही तसंच करतात. आलेल्या मुलाबरोबर आपला डबा उघडतात आणि जेवता जेवता रविवारच्या ट्रॅफिकला नावं ठेवतात. कुणाचा डबा तसाच परत बंद होतो. त्यावर त्या काही बोलत नाहीत. पुढच्या खेपेला पुन्हा डबा उघडतात.

आता सृष्टीची गोष्ट सांगतो. सृष्टी दहावीत शिकते. आईबाबांबरोबर लोणावळ्यात राहते, आजी अंबूबाई टाकवे बुद्रुक गावात. चुलतबहिणीच्या हळदीत कुणीतरी हसत म्हणालं, "नवरीपरीस करवलीच भरली की!" सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर तिने जेवण कमी करायला घेतलं. गंमत म्हणजे लोकांनी तिचं कौतुक केलं. "काय छान बारीक झालीस गं, काय करतेस?" असं येणारा-जाणारा विचारी. शाळेच्या मैदानावर ती चक्कर येऊन पडली, तेव्हा कौतुक थांबलं.

इथे आल्यावर ती कितीतरी दिवस कुणाशी धड बोललीसुद्धा नाही. मग डॉक्टरांचे उपचार, अनिताताईंच्या गप्पा आणि घरच्यांचा धीर यांनी तिचा डबा थोडा थोडा रिकामा होऊ लागला. मधेच एका काकांनी लाडाने म्हटलं, "आता कशी बाळसं धरलंयस!" झालं, तिने पुन्हा डब्याचं झाकण लावलं. एवढ्याशा वाक्याने केलेली पडझड सावरायला अख्खा हिवाळा गेला. उन्हाळा लागला तशी ती पुन्हा जेवू लागली, आणि एके दिवशी अंबूबाई नातीला घेऊन आल्या.

सृष्टी बाहेर हात धुवायला थांबली होती. अंबूबाई आत आल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तेवढं पोरीचं वजन सांगा बरं. गूळ आणायचाय."

अनिताताईंना काही कळेना. "गूळ? कशाला?"

"नवस बोल्लेय. पोरगी पडली तवा देवीला सांगितलं, माझी सृष्टी जेवाय लागू दे, तिच्या भारोभार गूळ वाटीन. देवळात तराजू टांगायचा, एका पारड्यात पोरगी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. आता जेवतीया ती. गूळ किती आणायचा, त्यो अंदाज नको का?"

आजींच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता, की नाही म्हणणं अनिताताईंच्या जिवावर आलं. मीही चक्रावलो. ज्या मुलीला स्वतःचा आकडा कळू नये म्हणून एवढी मेहनत चालली होती, तिला अख्ख्या गावादेखत तोलायची तयारी चालू होती, आणि तीही निव्वळ मायेपोटी. मी आयुष्यभर माणसं तोलली, पण असा पेच पाहिला नव्हता.

"आजी, असं सगळ्यांदेखत तोलणं तिला सोसायचं नाही," अनिताताई म्हणाल्या. "तिला त्याचीच भीती आहे. ते राहू दे."

"तुमी शिकलेल्या, तुमचं खरं असंल. पर देवीला शब्द दिलाय. त्यो मोडला आन पोरीला परत कायी झालं, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" त्यांनी पदर सावरला. "तुमी औषीद देता, बोलता. तिची आई डबा भरती. मला म्हातारीला काय येतंय? मी एवढंच केलंय तिच्यासाठी."

अंबूबाईंची नजर माझ्यावर पडली आणि त्या उठल्या. "ह्यो काटा तर हितंच हाय. उभी करा तिला, मी बगते. आकडे येत्यात मला."

तेवढ्यात लक्षात आलं, सृष्टी दारात उभी आहे. हातांवरून पाणी निथळत होतं. तिने सगळं ऐकलं होतं. ती थेट माझ्या तबकडीकडे बघत होती. मला भीती वाटली. पळून गेली तर? पुन्हा झाकण लावलं तर? लोखंडाला भीती वाटते का, असं विचाराल, तर त्या दिवशी वाटली.

"आजी, मला तोलू नको," ती म्हणाली.

"अगं बाय, तोलायचं म्हंजी काय हिणवायचं हाय व्हय? तू आमच्यात र्‍हायलीस, म्हणून देवीचं उपकार फेडायचं."

"मला कळतं ते. पण मी पारड्यात बसणार आणि लोक म्हणणार, अजून टाका, अजून एक ढेप टाका. मला ते ऐकू येत राहणार. मग मी परत जेवणार नाही, आजी. मला माहितेय ना माझं."

अंबूबाई तिथेच जमिनीवर बसल्या. नवस मोडला तर नात जाईल आणि फेडला तरी नात जाईल, असा त्यांचा चेहरा झाला. "मंग देवीला काय सांगू?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी अनिताताईंना विचारला की नातीला, कोण जाणे.

अनिताताईंना गप्प बसता येतं. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण आहे. आत्ता तोंड उघडावंसं त्यांना किती वाटलं असेल, ते त्यांच्या घट्ट आवळलेल्या मुठीवरून कळत होतं. पण त्या बोलल्या नाहीत.

सृष्टी आजीशेजारी जमिनीवर बसली. "तू देवीकडे काय मागितलं होतंस?"

"तू जेवावंस, दुसरं काय!"

"मग मी तिच्यासमोर बसून जेवते. तुझ्या हातची भाकरी. आपण दोघीच, गाव नको. तिला दिसेल की."

"आन गूळ?"

"गूळ वाट ना. तुला वाटेल तेवढा वाट."

"देवीला चालंल का ते?" अंबूबाई पुटपुटल्या. नातीचा हात धरून त्या उठल्या. दोघी निघून गेल्या. त्या दिवशी सृष्टीला माझ्यावर उभं केलं नाही आणि कुणाचा डबाही उघडला नाही. संध्याकाळी अनिताताई डॉक्टरांना म्हणाल्या, "नवस म्हणजे अडाणीपणा, असं म्हणून मी मोकळी झाले असते. पण घरात मूल जेवत नाही तेव्हा सगळेच हातपाय गळून बसतात. आजीने निदान काहीतरी धरून ठेवलं होतं. तेच तिच्या हातून कसं काढून घेऊ? आता पुढे काय होईल, मला खरंच माहीत नाही." त्या दिवशी त्या मला फार थकलेल्या दिसल्या.

पुढच्या खेपेला सृष्टी डॉक्टरांकडे तपासायला बसली आणि अंबूबाई एकट्या मागच्या खोलीत आल्या. उभ्या उभ्याच सांगू लागल्या.

"दुपारचं देवळात कुणी नसतं. तवा गेलतो दोघी. भाकरी, कालवण, कांदा, सगळं नेलतं. मी बी तिच्यासंगं ताट घेतलं. पोरगी जेवाय लागली. अर्धी भाकरी गेली आन थांबली. डोळ्यांतनं पाणी काढलं. म्हनली, आजी, आता न्हाई जात. माझ्या तोंडात आलतं, देवीसाठी अजून एक घास खा म्हणून. पर गिळलं मी ते." मग माझ्या खांबाला हात टेकून म्हणाल्या, "लय अवघड असतंय ओ, नुसतं शेजारी बसणं."

"मग?" अनिताताईंनी विचारलं.

"मंग काय! गुळाची ढेप फोडली आन वाटेत भेटंल त्याला मूठमूठ दिला. मोजला न्हाई. आन त्याच्या आदी देवीला हात जोडून म्हनलं, बाये, पोरगी आज अर्धीच जेवलीया. तेवढंच गोड मानून घे."

अनिताताईंनी मान खाली घातली आणि चष्मा पुसत बसल्या.

मित्रांनो, सृष्टी अजून येते. तिची गाडी कधी पुढे जाते, कधी अडते. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहते आणि मला आता त्याचा राग येत नाही. माझ्या तबकडीवर किलो आहेत, ग्रॅम आहेत. एका घासासाठी कुणाला किती बळ लागलं, ते मोजायची खूण त्या तबकडीवर नाही. तेव्हा मला विचारून कुणाची किंमत ठरवू नका, स्वतःची तर मुळीच नको. कुणी भेटलं की "सुटलीस" किंवा "वाळलीस" म्हणून बोलायला सुरुवात करू नका. कौतुकानेही नको. तुमच्या वर्गात कुणाचा डबा रोज तसाच परत जात असेल, तर त्याची थट्टा करू नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. आणि तोच त्रास तुम्हाला होत असेल, तरीही सांगा, लपवू नका. मैत्रिणीच्या शेजारी बसा, आपला डबा उघडा, दुसरंच काहीतरी बोला. तिने अर्धीच भाकरी खाल्ली, तर तेवढीच गोड मानून घ्या.