गच्चीवर कोणी पोचलं नाही

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे आणि परक्या माणसाकडून मी आजवर एकदाही हरलेलो नाही. मला खेळलेली माणसं एका जेवणाच्या टेबलाभोवती मावतील एवढीच होती आणि त्यातली बरीचशी मला अर्धवट सोडून खरोखरच जेवायला निघून गेली, हा भाग वेगळा. पण विक्रम तो विक्रम.

दिसायला मी साबणाच्या वडीएवढी राखाडी प्लास्टिकची डबी आहे. खालच्या बाजूला पितळी दातांची ओळ आहे. ती खेळयंत्राच्या खाचेत बसली की मी टीव्हीवर उगवतो. माझ्या पोटातल्या चिपला काचेची इवलीशी खिडकी आहे. दुकानात विकल्या जाणाऱ्या गेमना अशी खिडकी नसते, ती फक्त आमच्यासारख्या कच्च्या प्रतींना. तिच्यातून ऊन आत शिरत राहिलं की चिप हळूहळू सगळं विसरते. म्हणून तिच्यावर कागदी पट्टी चिकटवलेली असते. त्या चिकटपट्टीच्या भरवशावर मी अजून शुद्धीत आहे.

माझा जन्म वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत झाला. मालकांचे जावई कुठलंसं प्रदर्शन बघून आले आणि म्हणाले, यापुढे लोक कपडे कमी धुतील आणि टीव्ही जास्त बघतील. त्यांचं निम्मं म्हणणं खरं ठरलं. कंपनीने टीव्हीला जोडायचं खेळयंत्र काढलं. त्याचं झाकण वरून उघडायचं, कारण दुसऱ्या कुठल्या झाकणाची कोणाला सवय नव्हती. चालू केलं की ते गुणगुणायचं आणि थोड्या वेळाने इतकं तापायचं की ज्यांच्या घरी मांजर होतं त्यांच्याकडे ते मांजरच वापरायचं.

मला दोघांनी घडवलं. एक प्रोग्रामर आणि एक चित्रकार. कॉलेजात एका खोलीत राहिलेले मित्र. पॅकिंग विभागाच्या मागे, खोक्यांच्या भिंतीआड त्यांचं टेबल होतं. टेबलावर एक पंखा होता. तो संगणकासाठी होता, या दोघांनी घाम पुसायचा होता.

माझी गोष्ट साधी आहे. एक लिफ्टदुरुस्तीवाला आहे. इमारतीची लिफ्ट बंद पडली आहे आणि तिची मोटर आहे गच्चीवर, म्हणून बिचारा जिन्याने निघाला आहे. वाटेत नुकत्याच पुसलेल्या फरश्या, घरंगळत येणारी सायकल, कुत्रा, आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून कुंड्या फेकणारी एक बाई.

आता या दोघांची चूक ऐका. ते मला रोज खेळत. रोज खेळल्यावर कुठलीही गोष्ट सोपी वाटते. मी सोपा वाटलो की त्यांना काळजी वाटे.

"कुत्रा जरा सुस्त वाटत नाही का रे?" चित्रकार विचारी.

"पळवतो त्याला," प्रोग्रामर म्हणे.

दुसऱ्या दिवशी कुत्रा पळे. त्यांना त्याचीही सवय होई. मग सायकल पळे. मग कुंड्या. स्वयंपाक करणारा स्वतःच चव घेत राहिला की आमटीत तिखट वाढत जातं, तसं झालं. शेवटी जगात मला खेळू शकणारी दोनच माणसं उरली. एकदा जावईसाहेब स्वतः येऊन बसले आणि तिसऱ्या मजल्यावर पुन्हा पुन्हा कुंडी खाऊन उठले.

"खेळ छान आहे," ते म्हणाले. "पण मी सारखा मरतोय."

"सवय होईल, साहेब," प्रोग्रामर म्हणाला.

साहेबांना सवय झाली नाही. त्यांनी विषय बदलला.

साहेब येण्याआधीची गोष्ट. शेवटचं चित्र तेवढं राहिलं होतं. चित्रकार चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवून चित्र काढायचा आणि प्रोग्रामर ते आकड्यांत बसवायचा. गच्चीच्या चित्रासाठी चित्रकाराने आपल्या आईला समोर बसवलं. ती बाई कधी स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हती. मटार सोलायचे होते म्हणून बसली. "माझं तोंड काढू नकोस, हात काढ, हात बरे आहेत," असं तिने बजावलं होतं म्हणे. संध्याकाळचं आकाश, पाण्याची टाकी, स्टुलावर बसलेली आई आणि सुपाकडे जाणारा तिचा हात. चित्रकाराने जन्मात काढलेलं तिचं एवढं एकच चित्र.

ते माझ्यात मावेना. तेव्हा आमच्या पोटात जागा किती कमी असायची हे तुम्हाला सांगून पटणार नाही. तुमच्या फोनमधला नुसता "शुभ सकाळ"चा फोटोसुद्धा मला फाडून बाहेर आला असता. मग प्रोग्रामरने एक युक्ती केली. तिसऱ्या मजल्यावरची आधीची बाई पुसून त्याने आईचीच आकृती दोन्ही ठिकाणी वापरली. केस पांढऱ्याचे काळे केले, तोंड उजवीकडचं डावीकडे फिरवलं आणि मटारांच्या जागी कुंड्या दिल्या. तिसऱ्या मजल्यावरची ती खाष्ट बाई म्हणजे चित्रकाराची आईच. एका बाईत दोघींचं काम झालं आणि गच्ची मावली.

हे त्याने मित्राला सांगितलं नाही, कारण चित्रकाराचा एक हट्ट होता. एकदा काढलेलं चित्र दुसरीकडे वापरायचं नाही. "मी काय रबरी शिक्का आहे?" असं तो विचारायचा.

"आईचं बसवलंस का?" त्याने एक दिवस विचारलं.

"बसवलं."

"दाखव."

"खेळून बघ की."

मधून थेट गच्चीवर जायची चोरवाट पूर्वी होती, पण तीही जागेसाठी बुजवली होती. चित्रकार खेळायला बसला. कुंड्या आदल्याच दिवशी आणखी पळवल्या होत्या, अगदी प्रोग्रामरलाही चुकवता येऊ नयेत इतक्या, त्यामुळे तो तिसऱ्या मजल्यावरच आडवा झाला. तो आठवडाभर आडवा होत राहिला. मग त्याच्या डोक्यात किडा शिरला की याने चित्र काढून टाकलंय आणि आता आपल्याला तिथवर पोचू देत नाही.

"जागा नव्हती तर तसं सांगायचं," तो म्हणाला. "माझ्या आईला कचऱ्यात टाकून वर मलाच खेळून बघ म्हणतोस?"

"आई आहे आत."

"असेल. तुझ्या शब्दाएवढी."

मला विचारलं असतं तर मी एका वाक्यात भांडण मिटवलं असतं. मला कोणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात कंपनीला शहाणपण सुचलं. खेळयंत्र बंद. फळ्यावर कागद लागला: सर्वांनी उद्यापासून वॉशिंग मशीनकडे यावे. माझ्यासारखी तयार होत आलेली कितीतरी भावंडं रद्द झाली. पाणबुडीचा एक गेम होता, माळ्याचा एक होता, घोड्यांच्या शर्यतीचा एक होता ज्यात घोडे अजून यायचे होते. त्यांच्या चिपांवरच्या पट्ट्या सोलून त्यांना जांभळ्या दिव्याखाली ठेवलं, त्यांची स्मृती पुसली आणि त्या वॉशिंग मशीनच्या कामासाठी नव्याने भरल्या. माझी एक बहीण आजही कुठेतरी कपडे पिळत असेल. मी तिला कमी लेखत नाही. तिला निदान गिऱ्हाईक मिळालं.

मला प्रोग्रामरने डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. चित्रकाराने राजीनामा दिला, चौकटीचे कागद रद्दीत गेले आणि काही वर्षांनी त्याची आईही गेली. प्रोग्रामर भेटायला गेला होता. चित्रकाराने त्याला दारातूनच परत पाठवलं.

पुढचा काळ मी फ्रीजवरच्या टोपलीत काढला. सोबतीला कुलूप हरवलेल्या किल्ल्या होत्या आणि बिनझाकणाचा एक रिमोट. नंतर प्रोग्रामरच्या बायकोने मला डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. मित्रांनो, लोक याला दुर्लक्ष म्हणतील. पण मी खाली असेपर्यंत त्या टेबलावर कोणाचा चहा सांडला नाही. कामाला मी कधी कमी पडलो नाही.

मग एके दिवशी एका संग्रहालयाची बाई घरी आली. जुन्या यंत्रांचं तिचं दालन होतं. आमचं खेळयंत्र तिला कुठल्याशा गोदामात चालू स्थितीत सापडलं होतं, पण रद्द झालेला एकही गेम मिळाला नव्हता. प्रोग्रामरने घरभर शोध घेतला. शेवटी बायको म्हणाली, "ती राखाडी डबी होय? उचला टेबल."

संग्रहालयवाली हुशार. तिने चित्रकारालाही बोलावलं होतं आणि हे दोघांपैकी कोणालाच सांगितलं नव्हतं. दिवाणखान्यात दोन म्हातारे समोरासमोर आले आणि पंख्याकडे बघू लागले.

"चिप काढून संगणकावर वाचता येईल," ती म्हणाली. "पण जुनी आहे, तिचे धातूचे पाय मोडायची भीती आहे. आधी खेळूनच बघू या."

प्रोग्रामरने मला पुसलं आणि सवयीने माझ्यात फुंकर मारली. मला ते कधीच आवडलं नाही. यंत्र गुणगुणलं, मी उगवलो.

आता पंचाईत पाहा. प्रोग्रामरचा डावा अंगठा संधिवाताने आखडलेला, त्यामुळे त्याला दिशा देता येईना. चित्रकाराचा उजवा हात थरथरायचा, त्यामुळे त्याची उडी चुकायची. दोघं आळीपाळीने पहिल्याच मजल्यावर घसरून पडले.

"अहो, एकाला डावा हात आहे, एकाला उजवा," प्रोग्रामरची बायको म्हणाली. "मिळून एक माणूस होतोय की. बसा चिकटून."

ते बसले. खेळयंत्राच्या एकाच रिमोटवर दोघांचे दोन हात.

"उडी."

"कळतंय मला."

"कळतंय तर मार ना. मेला."

"तू पुढे कशाला नेलंस त्याला? घाई पहिल्यापासूनच तुला."

"आणि तुला तोंड पहिल्यापासून."

इतक्या वर्षांत त्यांच्यात झालेलं हे पहिलं संभाषण. दुपार कलली. कुत्रा चुकवला, सायकल चुकवली. तिसऱ्या मजल्यावर बाईने त्यांना मनसोक्त झोडपलं. मग केव्हातरी दोन्ही हातांना एकमेकांची चाल कळली आणि ते वर निसटले. खरं सांगतो, मी कसूर केली नाही. एकही कुंडी हळू फेकली नाही. ते पोचले ते त्यांच्या गुणांवर.

गच्ची आली. संध्याकाळचं आकाश, टाकी, स्टूल. आई मटार सोलत होती. लिफ्टदुरुस्तीवाला तिच्या शेजारी जाऊन बसला.

चित्रकाराने रिमोटवरचा हात काढून पडद्याकडे बोट केलं.

"अंगठा चुकलाय," तो म्हणाला.

"एवढ्याशा ठिपक्यांत अंगठा कुठला?"

"तिचा अंगठा आहे तो. मी काढलाय." मग तो पुढे वाकला. आईचा हात सुपाकडे जात होता, परत येत होता. "थांब. हा हात मघाशी बघितलाय मी."

प्रोग्रामर चष्मा पुसायला लागला. "जागा नव्हती. एकच बाई दोनदा वापरली. तुला आवडलं नसतं."

"तिसरा मजला?"

"हं."

"म्हणजे तेव्हापासून मी आईच्या हातचा मार खातोय."

"तू एकटाच नाहीस. जावईसाहेबांनीही खाल्लाय."

चित्रकार हसला. आधी खांदे हसले, मग तो. "तिला फार आवडलं असतं रे हे," तो म्हणाला आणि डोळे पुसून त्याने विचारलं, "आणि आपली नावं? शेवटी नावं यायची होती ना?"

"काढली. आईला दोनदा वापरूनही पुरेना. तुझं आडनाव केवढं लांब."

"बरं केलंस," चित्रकार म्हणाला. "चल, पुन्हा."

तर मित्रांनो, सांगायचं ते एवढंच. जुन्या वस्तूंची पट्टी सोलू नका, त्यांना उन्हात ठेवू नका आणि कृपा करून त्यांच्यात फुंकू नका, तुमची थुंकी आत जाते. टेबलाखाली सरकवलंत तरी चालेल, पण कुठल्या टेबलाखाली ते लक्षात ठेवा. आणि मित्र "आत आहे" म्हणाला तर भांडण्याआधी थोडा सराव करा.

हल्ली मी संग्रहालयात काचेच्या कपाटात असतो. तिथे दिवा बेताचा आहे आणि व्यवस्था चांगली आहे. वस्तूवर किंवा वस्तूच्या आत जे सापडेल तेच पाटीवर लिहायचं, असा त्यांचा नियम आहे. माझ्या पाटीवर लिहिलंय: व्हिडिओ गेम, रद्द, कर्ते अज्ञात.